भाषाविज्ञान शिकून पुढे काय? कोणत्याही शाखेच्या पदवीधरांसाठी माहिती

मुलाला मालवणीत झील, अहिराणीत आंडोर आणि वऱ्हाडात पोट्टा म्हणतात. कोणता शब्द कुठल्या गावापर्यंत चालतो, तो का बदलतो, हे शोधणारा विषय म्हणजे भाषाविज्ञान. शाळेत ‘अशुद्ध’ म्हणून हिणवलेली घरची बोली इथं अभ्यासाचा माल ठरते.

काय शिकवतात?
आवाज, शब्द आणि वाक्य कसं तयार होतं, लहान मूल बोलायला कसं शिकतं, भाषा कशी बदलते, हे सगळं शिकवतात. कथा-कवितांचा अभ्यास म्हणजे साहित्य. हा विषय वेगळा आहे.

कुठे शिकता येतं?
पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि मुंबई विद्यापीठाचं कलिना संकुल इथं एम.ए. आहे. दिल्लीच्या जेएनयूत प्रवेश सीयूईटी-पीजी परीक्षेतून होतो. एम.ए.ला साधारणपणे कोणत्याही शाखेची पदवी चालते. अटी, फी आणि वसतिगृहाची माहिती दरवर्षी वेबसाइटवर बघून घ्यावी.

काम कुठे मिळतं?
- प्राध्यापकी : यूजीसी-नेटमध्ये भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. पण जागा कमी निघतात.
- भाषा सर्वेक्षण : मैसूरची भारतीय भाषा संस्था (स्थापना १९६९) अशी कामं करते. प्रकल्पावरचं काम बहुतेक कंत्राटी असतं.
- मोबाइल-संगणक : बोललेलं टाइप होणं, भाषांतर होणं यामागे भाषेचे जाणकार लागतात. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ प्रकल्प याच कामाचा आहे. इथं थोडं कोडिंग आलं तर फायदा होतो.
- इतर : भाषांतर, कोशाचं काम, पाठ्यपुस्तकं.

एक गैरसमज
भाषाविज्ञानात एम.ए. केलं म्हणून स्पीच थेरपिस्ट होता येत नाही. त्यासाठी बारावी सायन्सनंतर बीएएसएलपी हा वेगळा कोर्स आणि पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. फी भरण्याआधी हे नीट समजून घ्या.

गावाकडच्या मुलांना संधी
बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद भागात निहाली बोलली जाते. जगातल्या कोणत्याही भाषेशी तिचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही आणि बोलणारे थोडेच उरलेत. कोरकू, कोलामी, कातकरी यांच्यावरही बरंच काम बाकी आहे. शहरातून येणाऱ्या संशोधकाला आधी गावात ओळख काढावी लागते. गावच्या पोराला ती जन्मापासूनच असते. विषय निवडताना नोकरीचा हिशेब जरूर करावा, पण घरची बोली लपवू नये. इथं तीच उपयोगाला येते.