मार्कीजबाई आणि धोटा

आमच्या भाचीने साखरपुड्याच्या अंगठीसाठी 'मार्कीज' आकाराचा हिरा पसंत केला, तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांपैकी फक्त माझं मत विचारण्यात आलं. कारण मी बँकेत आहे. बँकेतल्या माणसाला सोनंनाणं, हिरेमोती आणि शेअरबाजार यांतलं सगळं कळतं, असा आमच्या लालबागच्या चाळीत समज आहे. मी तो आजवर खोडून काढलेला नाही. बी.कॉम.चा सेकंड क्लास एवढ्यासाठी तरी उपयोगी पडावा!

वास्तविक आमच्या काउंटरवर हिऱ्याला काडीची किंमत नाही. सोनेतारणाला दागिना आला की सराफ तो तोलतो आणि खड्याचं वजन वजा करून टाकतो. कर्ज मिळतं ते निव्वळ सोन्यावर. हे मी भाचीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मामा, मी साखरपुडा करतेय, कर्ज काढत नाहीये." लग्न झालेल्या माणसाला यावर बोलण्यासारखं पुष्कळ असतं. मी गप्प बसलो.

आपल्या साखरपुड्यात खरं म्हणजे साखरेचाच पुडा असायचा. हिऱ्याची अंगठी फार उशिरा आली. 1947 साली आपण स्वातंत्र्याच्या गडबडीत असताना अमेरिकेतल्या एका जाहिरात कंपनीत फ्रान्सिस गेरेटी नावाच्या बाईंनी 'डी बीअर्स'साठी एक घोषवाक्य लिहिलं. हिरा आणि प्रेम दोन्ही अक्षय, असा त्याचा मथितार्थ. त्या वाक्याने जगातल्या कोट्यवधी बोटांत हिरे घातले. गेरेटीबाई स्वतः मात्र अविवाहित राहिल्या. साखरेचा पुडा गेला आणि हिऱ्याची पुडी आली. पुडी हे मी गमतीने म्हणत नाही. गिरगावात ऑपेरा हाउसपाशी, पंचरत्न इमारतीच्या आसपास, लाखोंचा माल घडी घातलेल्या कागदाच्या पुडीतून या खिशातून त्या खिशात जाताना मी पाहिलेला आहे. 2010 साली वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स सुरू झाल्यावर यातला बराच व्यापार तिकडे गेला. पुडी मात्र बदलली नाही.

आता या मार्कीजबाई कोण? फ्रान्सचा पंधरावा लुई याची मर्जी मादाम द पॉम्पादूर या बाईंवर बसली आणि 1745 साली त्याने त्यांना मार्कीज हा किताब दिला. त्यांच्या ओठांसारखा हिरा घडवा, असं त्याने फर्मावलं आणि त्यातून हा दोन्हीकडे निमुळता होणारा आकार जन्मला, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी राजाला ठाऊक. माझ्या कोकणी मनाला वेगळीच शंका येते. बाईंचं माहेरचं आडनाव प्वासाँ, म्हणजे चक्क मासा! आणि हा हिरा आडवा धरला तर ओठांपेक्षा मासोळीसारखाच दिसतो.

मार्कीज म्हणजे मार्क्विस नावाच्या सरदाराची बायको. या मार्क्विस मंडळींशी आमचा जुना हिशेब आहे. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला म्हणून सांगतात तो नाशिकचा हिरा 1818 साली पेशवाईबरोबर कंपनीच्या हाती पडला, तेव्हा कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होते मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज. पुढे 1837 साली लंडनमध्ये लिलाव होऊन तो पोचला मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्याकडे. त्या हिशेबाने आज मार्कीजबाईंनी आमच्या चाळीत यायला हरकत नव्हती.

शिवाय हा आकार मध्यमवर्गीयांसाठीच काढलेला असावा. पाव कॅरट, म्हणजे 50 मिलिग्रॅमचा गोल हिरा जेमतेम 4 मिलिमीटर दिसतो. तेवढ्याच वजनाचा मार्कीज लांबीला 6 आणि रुंदीला 3 भरतो. भांडवल तेवढंच, देखावा जास्त! आखूड बोटही लांबसडक दिसतं, ते वेगळंच. पैलू नीट पडले नसतील तर मधोमध काळसर सावली दिसते, तेवढी पाहून घ्यायची. आणि खरी भीती टोकांची. हिरा कठीण खरा, पण अणकुचीदार टोकाला ठेच लागली तर कपचा उडतो. म्हणून दोन्ही टोकांवर सोन्याची इंग्रजी व्हीच्या आकाराची टोपी बसवतात.

हे सगळं मी रविवारी दुपारी घरात ऐकवत होतो. नाना खाटेवर पडून होते. नाना म्हणजे आमचे वडील, मिलमध्ये साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी अजून जाहीर केलेलं नाही, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या नाना आजही संपावर आहेत. त्या वर्षी आईच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या त्या गेल्याच. नंतर माझ्यापुढे काउंटरवर कुणी बाई पाटल्या काढून ठेवायला लागली, की मी उगाच फॉर्ममधल्या चुका शोधत बसतो. आमचे मॅनेजर याला माझा काटेकोरपणा समजतात.

नानांनी हात पुढे केला. भाचीने अंगठी दिली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, अंगठी खिडकीकडे धरली आणि म्हणाले, "अरे, हा तर धोटा!"

मी हसणार होतो, पण ते हसत नव्हते. उठून त्यांनी खाटेखालची पेटी ओढली आणि धोतराच्या चिंधीत गुंडाळलेला धोटा काढला. लाकडाचा, दोन्हीकडे निमुळता, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी. मी मोबाइलवर शोधलं. फ्रेंच लोक या हिऱ्याला 'नाव्हेत' असंही म्हणतात. त्या शब्दाचे अर्थ दोन : छोटी नाव आणि विणकराचा धोटा. एवढा इतिहास सांगून मी जिथे पोचलो नव्हतो, तिथे नाना एका नजरेत पोचले होते.

मग त्यांनी अंगठीच्या टोकांवरून अंगठा फिरवला. टोक खरबरीत असलं की उभे धागे तुटतात, म्हणून पाळी सुरू होताना असंच बघायचे म्हणे. भाची श्वास रोखून उभी होती. तिच्या सासरच्यांचीही एवढी धास्ती तिने घेतली नसेल.

"टोकं बरी आहेत," नाना म्हणाले आणि अंगठी तिच्या बोटात घातली. मग बराच वेळ बघून त्यांनी मला विचारलं, "पण ह्यात कांडी कुठं बसते?"