मन मोकळं करताय? समोर कोण आहे ते आधी ओळखा!

रात्रीचे दोन वाजलेत. कोंढव्यातल्या एखाद्या खोलीत एक विद्यार्थिनी मोबाइलवर टाइप करतेय, 'खूप भीती वाटतेय.' समोरून लगेच आपुलकीचं उत्तर येतं. फी नाही, अपॉइंटमेंट नाही, नावं ठेवणारं कुणी नाही. एआय चॅटबॉट जवळचा वाटतो तो यामुळेच. पण डॉक्टरांना सांगितलेली गोष्ट आणि ॲपला सांगितलेली गोष्ट कायद्यासमोर सारखी नाही.

गुपित राखायची जबाबदारी कुणाची?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार, काही अपवाद वगळता, उपचार करणाऱ्यांना रुग्णाची माहिती गुप्त ठेवावीच लागते. पुण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पठारे यांचा या कायद्याच्या मसुद्यात सहभाग होता. चॅटबॉट मात्र डॉक्टर नाही. तिथे तुमचं दुःख म्हणजे कंपनीकडे जमा झालेला डेटा!

त्याचं काय होऊ शकतं? 'बेटरहेल्प' या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसह इतर कंपन्यांना दिल्याचा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला. २०२३ मध्ये कंपनीला ७८ लाख डॉलर मोजावे लागले. तिथे तर समुपदेशक माणसंच होती.

भारतात काय स्थिती?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमती मागे घेणं, डेटा पुसायला लावणं, १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची परवानगी अशा मुख्य तरतुदी मे २०२७ पासून लागू होणार आहेत. सुरक्षेत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पैसे भरले असतील तर

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये मोफत सेवा धरली जात नाही. पैसे भरून घेतलेल्या सेवेत फसवणूक झाली तर १९१५ वर तक्रार करता येते. कंपनी बेंगळुरूची असली तरी पुणेकर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागू शकतो. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या सेवेसाठी शुल्क नाही. म्हणून पावती आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा.

वापरताना एवढं पाळा

• खरं नाव, पत्ता, ऑफिस, रिपोर्टचे फोटो देऊ नका.
• संभाषण एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याचा पर्याय सेटिंगमध्ये असेल तर बंद करा.
• नुसतं ॲप काढून डेटा जात नाही. आधी अकाउंट डिलीट करा.
• बॉटच्या सल्ल्याने औषध सुरू किंवा बंद करू नका.

जीव नकोसा वाटत असेल, तर बॉटशी बोलत बसू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक लावा. तो मोफत आहे, २४ तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं. पलीकडे माणूस असतो.