महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे मूल्यमापन (ठाणे व कल्याण-डोंबिवली)

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या ठरावीक उपचारांसाठी रोखरहित सेवा देणारी महाराष्ट्र शासनाची योजना आहे. १ एप्रिल २०२० पासून ती केंद्र शासनाच्या आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेसोबत एकत्रितपणे राबविली जाते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिकांच्या क्षेत्रात या सुधारणेचे मूल्यमापन करताना, उपचाराचा खर्च कोण भरतो आणि उपचार प्रत्यक्षात कोठे मिळतो, हे दोन प्रश्न वेगवेगळे तपासावे लागतात.

पार्श्वभूमी

गंभीर आजारांच्या उपचारांसाठी गरीब रुग्णांना साहाय्य करणारी जीवनदायी आरोग्य योजना राज्यात १९९७ मध्ये सुरू झाली. तिच्या जागी २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. ठाणे जिल्ह्याचा या पहिल्या टप्प्यात समावेश नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना राज्यभर लागू झाली, तेव्हा तो झाला. २०१७ मध्ये योजनेला सध्याचे नाव देण्यात आले.

मूल्यमापनाचे निकष

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या जागतिक आरोग्य अहवालात सार्वत्रिक आरोग्य संरक्षणाच्या तीन बाजू सांगितल्या आहेत: किती लोकांना संरक्षण मिळते, कोणत्या सेवा मिळतात आणि खर्चाचा किती भाग भरून निघतो. सेवेची उपलब्धता आणि गुणवत्ता हा चौथा निकष त्यांना जोडला जातो.

लाभार्थी

आरंभी पिवळ्या शिधापत्रिकेच्या आणि वार्षिक एक लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबांना योजनेचा लाभ मिळत असे. डोंबिवली, ठाणे यांसारख्या शहरांतील पांढऱ्या शिधापत्रिकेची नोकरदार कुटुंबे तिच्याबाहेर राहत. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातील सर्व कुटुंबांना योजना खुली करण्यात आली. मात्र राज्याची शिधापत्रिका किंवा अधिवास प्रमाणपत्र आवश्यक असल्याने, कामासाठी येथे राहणाऱ्या परप्रांतीय मजुरांना ती सहज उपलब्ध नाही. केंद्रीय योजनेचे पात्र लाभार्थी मात्र आपला हक्क दुसऱ्या राज्यातही वापरू शकतात.

खर्चापासून संरक्षण

प्रतिकुटुंब वार्षिक मर्यादा पूर्वी दीड लाख रुपये होती; २०२३ च्या निर्णयाने ती पाच लाख रुपये झाली. समाविष्ट उपचारांची संख्या १,३५६ करण्यात आली. तरीही बाह्यरुग्ण तपासणी आणि मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आजारांवरील रोजची औषधे योजनेच्या मुख्य कक्षेबाहेरच आहेत. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात नागरिकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट एकाच योजनेची फलश्रुती मानता येत नाही.

सेवांची उपलब्धता

२०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांहून अधिक, तर कल्याण-डोंबिवलीची सुमारे साडेबारा लाख होती. ठाणे महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय कळवा येथे असून त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची प्रमुख रुग्णालये होत. येथील गंभीर रुग्णांना अनेकदा कळव्याला किंवा मुंबईतील मोठ्या रुग्णालयांत पाठविले जाते. शहापूर, मुरबाड आणि पालघर जिल्ह्यातील रुग्णही कळव्याला येतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये कळवा रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्णांचा मृत्यू झाला आणि शासनाने चौकशी समिती नेमली. त्या काळात पुनर्बांधणीसाठी ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय तात्पुरते स्थलांतरित झालेले होते. संरक्षणाची मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढविण्याचा निर्णय या घटनेच्या काही आठवडे आधीच झाला होता. खर्चाची हमी वाढली म्हणून खाटा, डॉक्टर व परिचारिका यांची उपलब्धता वाढतेच असे नाही, हा मुद्दा या घटनेनंतरच्या चर्चेत महत्त्वाचा ठरतो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. महानगरपालिकांची रुग्णालये या विभागाच्या अखत्यारीत नसल्याने त्यांना हा निर्णय आपोआप लागू झाला नाही. परिणामी एकाच शहरात रुग्णालयाच्या मालकीनुसार शुल्काचे नियम भिन्न राहिले.

लेखापरीक्षण

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात केंद्रीय योजनेच्या नोंदींतील त्रुटी दाखविण्यात आल्या. देशभरातील सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच भ्रमणध्वनी क्रमांकाशी जोडलेले आढळले. महाराष्ट्राच्या आरोग्यसुविधांवरील त्यांच्या स्वतंत्र अहवालात डॉक्टर, परिचारिका व निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या कमतरतेची नोंद आहे. त्यामुळे योजनेचे यश केवळ वितरित कार्डे किंवा मंजूर दावे यांवरून ठरविणे अपुरे ठरते. रुग्णाला किती अंतरावर, किती वेळात आणि किती पदरमोड करून उपचार मिळाले, याचीही महानगरपालिकानिहाय नोंद मूल्यमापनासाठी आवश्यक ठरते.