न्यारियाचं काम : सराफ्यापासून तुर्भ्यापर्यंत

आमच्या यवतमाळकडच्या बोलीत ‘न्यारं’ हा शब्द रोजचा आहे. भावांच्या चुली वेगळ्या झाल्या की लोक म्हणतात, ते न्यारे झाले. उर्दूतही न्यारा म्हणजे वेगळा. याच शब्दावरून एका धंद्याचं नाव पडलं, न्यारिया. सराफ्यातली झाडलोट, भट्टीची राख, नालीतला गाळ गोळा करायचा आणि त्यातून सोन्याचे कण वेगळे काढायचे, हे त्याचं काम. मराठीत त्याला झारेकरी म्हणतात. सोन्यात चांदी मिसळलेली असली तर तो शोऱ्याचं तेजाब वापरतो. शाळेच्या पुस्तकात त्यालाच नायट्रिक आम्ल म्हणतात. चांदी त्यात विरघळते, सोनं तळाशी राहतं.

हे आठवायला कारण घडलं ते वर्गात. विज्ञानाचे सर रजेवर होते म्हणून दहावीचा तास माझ्याकडे आला. एका मुलीने विचारलं, “सर, प्लुटोनियम कुठल्या खाणीत सापडतं?” मागच्या बाकावरून उत्तर आलं, “अरे, ते बॉम्बवालं!” वर्ग हसला. मी भाषेचा शिक्षक, “खाणीत सापडत नाही, बनवावं लागतं” एवढंच सांगून सुटलो. घरी आल्यावर वाटलं, उत्तर अर्धंच झालं. उरलेलं इथे लिहितो.

प्लुटोनियम निसर्गात जवळजवळ नाहीच. अणुभट्टीत युरेनियम ‘जळतं’, तेव्हा त्यातला थोडा भाग प्लुटोनियम होतो. सोबत सीझियम, स्ट्रॉन्शियम, रुथेनियम अशा अनेक मूलद्रव्यांची राख तयार होते आणि ती भयंकर किरणोत्सारी असते. या राखेतून कामाचा धातू न्यारा करणं हीच किरणोत्सारी धातूंच्या रसायनशास्त्राची मुख्य कसरत. तिची सुरुवात मारी क्यूरींनी केली. 1898 साली त्यांनी पोलोनियम आणि रेडियम शोधले. पुढची चार वर्षं टनावारी खनिज उकळून, गाळून, स्फटिक करून त्यांच्या हाती ग्रॅमचा दहावा भाग रेडियम क्षार आला. त्या काळी हे सारं उघड्या हाताने चाले. 1934 साली त्या रक्ताच्या आजाराने गेल्या, आणि त्याचं कारण किरणोत्सार मानलं जातं.

आपल्याकडे हे काम उभं राहिलं ते मुंबईजवळ तुर्भ्याला, इंग्रजांच्या तोंडी ज्याचं ट्रॉम्बे झालं तिथे. 1955 साली तिथे थोरियमचा कारखाना सुरू झाला. 1956 च्या ऑगस्टमध्ये अप्सरा ही पहिली अणुभट्टी चालू झाली. 1959 च्या जानेवारीत अणुभट्टीला चालेल इतक्या शुद्ध युरेनियमची पहिली लगड निघाली. 1960 साली कॅनडाच्या मदतीने सायरस भट्टी सुरू झाली. होमी भाभांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. पण धातू वेगळे काढण्याची जबाबदारी होती होमी सेठना यांच्याकडे. ते मुंबईचे, शिकलेले केमिकल इंजिनिअरिंग. सायरसमधून निघालेल्या कांड्यांतून प्लुटोनियम काढायचा कारखाना, ज्याला ‘फिनिक्स’ नाव दिलं होतं, त्यांच्याच देखरेखीखाली बांधला गेला. 1961 मध्ये बांधकाम सुरू झालं आणि 1964 च्या मध्यात तो चालू झाला.

आत काय चालतं? भट्टीतून काढलेल्या कांड्या आधी पाण्याच्या खोल टाकीत महिनोन् महिने ठेवतात, म्हणजे त्यांचा सर्वात तीव्र किरणोत्सार ओसरतो. मग वरचं अॅल्युमिनियमचं कवच कॉस्टिक सोड्यात विरघळवतात आणि आतला धातू आपल्या ओळखीच्याच शोऱ्याच्या तेजाबात. इथपर्यंत न्यारियालाही समजेल. पुढची युक्ती वेगळी आहे. या द्रावणात ट्रायब्युटिल फॉस्फेट मिसळलेलं रॉकेलच्या जातीचं तेल घुसळतात. तेल आणि पाणी एकत्र राहत नाहीत. थर वेगळे होतात तेव्हा युरेनियम आणि प्लुटोनियम तेलात गेलेले असतात आणि राख खालच्या तेजाबात राहते. मग प्लुटोनियमच्या अणूला रासायनिक पद्धतीने एक इलेक्ट्रॉन देतात. तेवढ्याने त्याचा तेलाशी स्नेह तुटतो आणि तो परत पाण्यात उतरतो. युरेनियम तेलातच राहतं. म्हणजे दोघेही न्यारे झाले. एक टन कांड्यांमागे हाती येतं साधारण किलोच्या आसपास.

आणि हे सगळं हात न लावता. कांड्या फोडण्याचं काम जाड काँक्रीटच्या भिंतीआड, दुरून चालतं. शुद्ध प्लुटोनियमचे किरण तर कागदानेही अडतात. पण त्याची धूळ श्वासातून फुप्फुसात गेली तर ती आत बसून वर्षानुवर्षं पेशी जाळते. म्हणून बंद काचेच्या पेट्या, त्यांना आतून जोडलेले रबरी हातमोजे, आणि पेटीतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी. भोक पडलंच तर हवा आत जाते, बाहेर येत नाही. भांडी उंच आणि अरुंद, कारण एकाच जागी जास्त प्लुटोनियम जमलं तर भट्टीशिवायच साखळी सुरू होऊ शकते. या खोल्यांत पाळीपाळीने उभे राहिलेल्या शेकडो तंत्रज्ञांची नावं कुठल्याही पुस्तकात नाहीत.

आता मागच्या बाकावरच्या मुलाचं उत्तर. तो चुकला नव्हता. कारखाना चालू झाला त्याच वर्षी, ऑक्टोबर 1964 मध्ये, चीनने अणुस्फोट केला. जानेवारी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी कारखान्याचं उद्घाटन केलं. पुढे 18 मे 1974 ला पोखरणला जो स्फोट झाला, त्यातलं प्लुटोनियम सायरसमध्ये बनलेलं आणि याच कारखान्यात वेगळं काढलेलं होतं. सायरस दिली होती शांततेच्या कामासाठी. आपण स्फोटालाही शांततेचाच म्हटलं. कॅनडाला ते पटलं नाही, त्याने अणुसहकार्य तोडलं.

आपल्या समाजात अणूचा विषय निघाला की कलामसाहेबांचं नाव निघतं, आणि 1998 च्या आठवणीने छाती फुगते. त्यांच्याबद्दल मलाही आदर आहे. पण ते विमान आणि क्षेपणास्त्रांचे इंजिनिअर होते. अणूची ओळख फक्त त्या धमाक्यापुरती ठेवली, तर आपली मुलं त्यातलं निम्मं विज्ञान पाहणारच नाहीत.

उरलेलं निम्मं मी नागपूरला पाहिलं. अम्मीला कॅन्सर झाला तेव्हा कोबाल्टच्या मशीनवर तिचा शेक झाला. महिनाभर पहाटेच्या एसटीने आम्ही जात होतो. ती दरवेळी विचारायची, “बेटा, ये वही बमवाली चीज़ है क्या?” मी “नाही” म्हणायचो, तिला भीती वाटू नये म्हणून. खरं उत्तर होतं, तेच घराणं आहे. कोबाल्ट-60 अणुभट्टीतच बनतं.

आणि ती राख? अनेक वर्षं तिला फक्त काचेत कोंडून पुरायची वस्तू समजत होते. आता तुर्भ्याला तिच्यातूनही धातू न्यारे काढतात. सीझियम-137 काचेच्या कांडीत भरून रक्तपेढ्यांना जातं. नाजूक रोग्याला द्यायच्या रक्तावर त्याने किरण टाकतात, म्हणजे परक्या पेशी त्याच्या शरीरावर उलटत नाहीत. रुथेनियम-106 ची इवलीशी चकती डोळ्यातल्या गाठीवर बसवतात, आणि पुष्कळदा डोळा काढावा लागत नाही. काल जो कचरा होता, त्यात दवा निघाली.

तरीही हिशेब पूर्ण होत नाही. प्लुटोनियम निम्मं व्हायला 24 हजार वर्षं लागतात. युरेनियम निघतं झारखंडच्या जादुगुड्याच्या आदिवासी मुलखात, आणि तिथले लोक आपल्या तब्येतीबद्दल वर्षानुवर्षं विचारत आले आहेत. रसायनशास्त्र धातूपासून धातू वेगळा करतं. दवेपासून बॉम्ब वेगळा ठेवायचा, हे काम त्याचं नाही, ते आपलं आहे, आणि त्यासाठी आत काय चालतं हे समजणारी माणसं लागतात.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी न्यारियाची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, “सर, ते काम मला करता येईल का?” तुर्भ्याची प्रशिक्षण शाळा 1957 पासून चालू आहे. परीक्षा आणि मुलाखत देऊन तिथे जाता येतं. विज्ञानात एमएस्सी किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते. तिला म्हटलं, आधी दहावीचं रसायन पक्कं कर. आणि घरच्यांना सांग, बारावीनंतर शिक्षण थांबवू नका म्हणून.