कलकत्त्यातील मानसशास्त्र आणि त्याची मंडळे

एखादे शास्त्र विद्यापीठात शिकविले जाऊ लागले म्हणजे ते देशात रुजले, असा आपला समज असतो. तो पुरता खरा नाही. पदवी हाती आलेल्या तरुणाने पुढे जावे कोठे, आपले लेखन छापून आणावे कोठे, चुकले तर त्याला सांगावे कोणी, हे प्रश्न सुटेपर्यंत नवा विषय उपराच राहतो. कलकत्त्यातील मानसशास्त्राचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

आचार्य ब्रजेंद्रनाथ सील यांनी १९०५ साली या विषयाच्या अभ्यासक्रमाचा आराखडा तयार केला. पुढे १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला. या पद्धतीचा भारतातील हा पहिलाच. हार्वर्डला म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त विभागाचे प्रमुख झाले. तोवर मन हा तत्त्वज्ञानाच्या वर्गात चर्चिला जाणारा विषय होता. आता प्रयोगशाळेत त्याचे मोजमाप सुरू झाले. परंतु बाहेरच्या जगात या पदवीधरांना ओळखणारे कोणी नव्हते. वैद्याला रुग्ण असतात, वकिलाला कोर्ट असते. मानसशास्त्रज्ञाला काय होते?

ही उणीव अध्यापकांनीच भरून काढली. १९२३ साली भारतीय विज्ञान परिषदेत मानसशास्त्राला स्वतंत्र शाखा मिळाली. पदार्थविज्ञान आणि रसायन यांच्या पंक्तीला हा विषय बसला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढच्याच वर्षी भारतीय मानसशास्त्र संघ स्थापन झाला आणि १९२६ साली सेनगुप्तांच्या संपादकत्वाखाली 'इंडियन जर्नल ऑफ सायकॉलॉजी' निघू लागले. आता विद्यार्थ्याला आपला निबंध पाठवायला परदेशी संपादकाचेच दार ठोठावावे लागत नव्हते. नियतकालिक आणि परिषद यांचे महत्त्व ज्याला ती लाभली नाहीत त्यालाच पुरते कळते.

दुसरा प्रवाह पारसीबागान लेनमधील १४ क्रमांकाच्या घरातून वाहिला. तेथे गिरींद्रशेखर बोस राहात. हे व्यवसायाने डॉक्टर. तरी रीतसर मानसशास्त्राची पदवी घेऊन विद्यापीठात शिकवू लागले, आणि दमनाच्या कल्पनेवरील प्रबंधाला १९२१ साली त्यांना डी. एस्सी. मिळाली. ग्रंथ त्यांनी व्हिएन्नाला फ्रॉइडकडे धाडला. त्यातून सुरू झालेला पत्रव्यवहार दीर्घकाळ चालला. त्यांच्या घरी 'उत्केंद्र समिती' नावाचा गप्पांचा अड्डा भरे. बंगाल्यांचा अड्डा म्हणजे निव्वळ वेळ घालविणे असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की याच घरात १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण मंडळ जन्मले आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण संघाशी जोडले गेले. पहिल्या सभासदांत तत्त्वज्ञान व मानसशास्त्राचे प्राध्यापक जसे होते, तसे लष्करी वैद्यकातील ब्रिटिश अधिकारीही होते. १९२९ साली सेनगुप्त लखनौला गेल्यावर विद्यापीठातील विभागाची धुराही बोसांकडे आली, आणि वर्ग व मंडळ यांतील अंतर आणखी कमी झाले.

मंडळाचे खरे काम पुस्तकांपुरते राहिले नाही. रुग्ण समोर असल्याखेरीज ही विद्या साधत नाही, हे बोस जाणून होते. १९३३ साली कारमायकेल मेडिकल कॉलेजात मानसिक रुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग निघाला. १९४० साली तिळजला येथे लुंबिनी पार्क रुग्णालय उभे राहिले, ते गिरींद्रशेखरांचे बंधू राजशेखर यांनी दिलेल्या घरात. हे राजशेखर म्हणजे 'परशुराम' या नावाने साऱ्या बंगालला हसविणारे लेखक! १९४७ साली मंडळाचे 'समीक्षा' हे नियतकालिकही सुरू झाले. विद्यार्थ्याला एकाच शहरात वर्ग, प्रयोगशाळा, रुग्णालय आणि नियतकालिक मिळू लागले.

एक उणीव मात्र राहून गेली. या संस्था विद्वानांच्या होत्या. व्यवसायाला कायद्याचे बळ देणे त्यांच्या हाती नव्हते. १९५५ पासून चिकित्सा-मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण बंगलोरला मिळू लागले, आणि १९६८ साली चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांचा स्वतंत्र अखिल भारतीय संघ निघाला. त्यांच्या नोंदणीची कायदेशीर तरतूद व्हायला मात्र १९९२ चा पुनर्वास परिषदेचा कायदा यावा लागला. गिरींद्रशेखर तोवर हयात नव्हते. १९५३ सालीच त्यांचे देहावसान झाले होते.