खबर लहरिया : गावाची बातमी, गावाच्या भाषेत

मोठ्या शहरांतून निघणाऱ्या वृत्तपत्रांत खेड्याला क्वचितच स्थान मिळते. ही उणीव स्थानिक वृत्तपत्र कशी भरून काढू शकते, याचे उल्लेखनीय उदाहरण म्हणजे उत्तर प्रदेशातील ‘खबर लहरिया’. मे २००२ मध्ये चित्रकूट जिल्ह्यातील कर्वी येथून बुंदेली भाषेत सुरू झालेले हे पत्र ग्रामीण महिलांनी चालवले. बातम्या मिळवणे, लिहिणे, संपादन करणे आणि छापील अंक गावोगावी नेऊन विकणे, ही सारी कामे त्याच करीत. त्यांपैकी अनेक जणी दलित समाजातील होत्या.

पार्श्वभूमी

बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात ‘महिला समाख्या’ या शासकीय कार्यक्रमाद्वारे महिलांच्या साक्षरतेचे काम झाले. (चित्रकूट जिल्हा १९९७ मध्ये बांद्यातूनच वेगळा करण्यात आला.) याच काळात ‘महिला डाकिया’ हे पत्रक निघत असे. ते बंद पडल्यावर नवसाक्षर महिलांना वाचण्याजोगे साहित्य उरले नाही. तेव्हा दिल्लीतील ‘निरंतर’ या संस्थेच्या पुढाकाराने ‘खबर लहरिया’ने आकार घेतला. प्रारंभी पाक्षिक असलेले हे पत्र पुढे साप्ताहिक झाले.

गावाशी नाते

नादुरुस्त हातपंप, शिधावाटपातील गैरव्यवहार, शाळेतील शिक्षकांची अनुपस्थिती, रोजगार हमीची थकलेली मजुरी, दुष्काळ आणि स्त्रियांवरील अत्याचार हे या पत्राचे नेहमीचे विषय होते. कार्यालयीन हिंदीऐवजी घरात बोलली जाणारी भाषा आणि ठळक, मोठा टाइप यांमुळे नुकतेच वाचायला शिकलेल्यांनाही अंक वाचता येई. ज्यांना वाचता येत नसे, त्यांना इतर जण वाचून दाखवीत. बातमी छापून आल्याने अधिकाऱ्यांना उत्तर देणे भाग पडे. पाणी किंवा मजुरीसाठी खेटे घालणाऱ्या ग्रामस्थाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे होते.

अडचणी

तालुका कचेरी, पोलीस ठाणे वा पंचायत येथे महिला वार्ताहराने, त्यातही दलित महिलेने प्रश्न विचारणे अनेकांना रुचत नसे. घरातूनही विरोध होई. एका व्यक्तीने दूरध्वनीवरून महिनोन्महिने चालवलेल्या छळाची वाच्यता या पत्रकारांनी २०१५ मध्ये जाहीरपणे केली. त्यानंतर पोलिसांनी संशयितास अटक केली.

सन्मान आणि पुढील वाटचाल

या गटाला २००४ मध्ये महिला पत्रकारितेसाठीचा चमेलीदेवी जैन पुरस्कार मिळाला, तर २००९ मध्ये युनेस्कोचा किंग सेजोंग साक्षरता पुरस्कार प्राप्त झाला. मधल्या काळात अन्य जिल्ह्यांतून आणि अवधी, भोजपुरी, बज्जिका या भाषांतूनही आवृत्त्या निघाल्या. पुढे छापील अंक बंद झाले आणि महिला वार्ताहर मोबाइलवर चित्रफिती तयार करू लागल्या.

या स्थित्यंतरावर आधारित ‘रायटिंग विथ फायर’ या माहितीपटाला २०२२ मध्ये ऑस्करचे नामांकन मिळाले. मात्र आपल्या कामाचे त्यातील चित्रण अपुरे असल्याचे या गटाने त्याच वर्षी जाहीर केले. आपले वार्तांकन केवळ एका राजकीय पक्षापुरते मर्यादित नाही, अशी त्यांची भूमिका होती.

कागदाची जागा पडद्याने घेतल्याने प्रसाराची कक्षा रुंदावली. मात्र हाती अंक घेऊन दारोदार जाणाऱ्या वार्ताहराचा वाचकाशी जो प्रत्यक्ष संबंध येई, तो छापील पत्राबरोबर संपला. बातमी मिळवण्यासाठी आजही गावातच जावे लागते. स्थानिक पत्रकारितेचे बळ तेथेच आहे.