औंस, रत्तल आणि उष्मांक

दिवाळीच्या अंकात पथ्यपाण्याचा विषय काढणे म्हणजे भरल्या पंगतीत एरंडेलाची बाटली घेऊन येण्यासारखे आहे. तरीही तो काढण्याचे धाडस करतो आहे. कारण फराळाच्या ताटाशी बसलेल्या मंडळींपैकी निदान एकाच्या तरी खिशात डॉक्टरांची चिठ्ठी असते. चिठ्ठीवर एक आकडा असतो: रोज पंधराशे उष्मांक, किंवा अठराशे. त्या माणसाच्या मनात मात्र दुसराच आकडा घोळत असतो. कुणाला लग्नातल्या फोटोतले वजन परत हवे असते, तर कुणाला शेजारच्या वहिनींचे. कुणाला आपले आहे तेच अगदी बेताचे वाटत असते. दोन आकड्यांचा मेळ बसत नाही, आणि मग पुष्कळ जण डॉक्टरांपुढे मान डोलावतात व घरी येऊन आपल्या मनाचे करतात. हा तंटा आजचा नाही. उष्मांक हा शब्द जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून तो चालत आला आहे, आणि त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'अष्टौनिंदितीय' नावाचा एक अध्याय आहे. शरीराच्या दृष्टीने निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या माणसांत तेथे अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचीही गणना केली आहे. म्हणजे वजन वाढले की दोष आणि उतरले की गुण, असा सरळ हिशेब चरकाने मांडला नाही. आहार किती घ्यावा या प्रश्नालाही त्याने तोळे-मासे सांगून उत्तर दिले नाही. आहाराची मात्रा ज्याच्या त्याच्या अग्निबलावर अवलंबून असते, आणि जेवढे अन्न प्रकृती न बिघडवता वेळेवर पचते तेवढी त्या माणसाची मात्रा, असे तो सांगतो. या सांगण्यात एक अडचण आहे. मात्रा बरोबर आहे की नाही हे जेवणारालाच पाहावे लागते, वैद्याला ती दुरून ठरवता येत नाही. पुढचा सगळा इतिहास या अडचणीभोवतीच फिरतो.

सोळाव्या शतकात इटलीतील पाडुआ शहरी लुइजी कॉर्नारो नावाचा एक सधन गृहस्थ राहत होता. तारुण्यात त्याने खाण्यापिण्याचा अतिरेक केला आणि पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान त्याची प्रकृती पार ढासळली. आहार आवरला नाहीस तर काही महिन्यांचाच सोबती आहेस, असे वैद्यांनी त्याला बजावले. कॉर्नारोने ते मनावर घेतले आणि वर्षभरात तो खडखडीत बरा झाला. पुढे तो दिवसाकाठी पाव, अंड्याचा बलक, थोडे मांस आणि रस्सा मिळून बारा औंस अन्न आणि चौदा औंस द्राक्षमद्य एवढ्यावरच राहू लागला.

अशी कित्येक वर्षे गेली. कॉर्नारो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला, आणि आता वैद्यांचे मत पालटले. म्हाताऱ्या माणसाला एवढ्याशा अन्नावर शक्ती कशी राहणार, थोडे वाढवा, असे ते म्हणू लागले. नातेवाइकांनीही आग्रह धरला. "एवढे तरी घ्या," ही आर्जवे पाडुआत आणि पुण्यात सारखीच असावीत! कॉर्नारोने पुष्कळ वाद घातला, पण अखेर आप्तांचे मन मोडवेना म्हणून अन्न बाराचे चौदा औंस केले आणि मद्य चौदाचे सोळा. दहा-बारा दिवसांत हा आनंदी म्हातारा चिडचिडा आणि उदास झाला. मग कुशीत भयंकर कळ उठली, त्यामागून ताप आला आणि तो पस्तीस दिवस हटला नाही. कॉर्नारोने पुन्हा आपला जुना नेम धरला आणि तो उठून बसला. १५५८ साली त्याने हे सारे एका छोट्या पुस्तकात लिहून काढले. १५६६ साली तो वारला तेव्हा ऐंशी वर्षे त्याने केव्हाच मागे टाकली होती.

दोन औंसांनीच तो ताप आला, असे आज कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कॉर्नारोने वैद्यांचा पहिला सल्ला ऐकला आणि दुसऱ्याला विरोध केला, आणि दोन्ही वेळा त्याच्यापाशी कारण होते. पहिल्या वेळी शरीर तक्रार करीत होते. दुसऱ्या वेळी ते वर्षानुवर्षे सुखात होते आणि त्याचा हिशेब कॉर्नारोजवळ होता.

हिशेबाची ही आवड पुढे सांतोरिओ या पाडुआच्याच वैद्याने टोकाला नेली. तराजूच्या दांडीला खुर्ची टांगून तो तीत बसून जेवत असे, आणि अन्नाचे, मलमूत्राचे व स्वतःचे वजन करीत असे. हा उद्योग त्याने वर्षानुवर्षे चालवला आणि १६१४ साली त्यावर ग्रंथ लिहिला. खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग डोळ्यांना न दिसता शरीरातून निघून जातो, हे त्याला आढळले. तो जातो कुठे, हे मात्र त्या काळी कळणे शक्य नव्हते.

आता आपण लंडनला जाऊ. १८६२ साल. विल्यम बँटिंग हे पासष्टीच्या घरातले गृहस्थ अंत्ययात्रांची व्यवस्था करणाऱ्या नामांकित पेढीचे. राजघराण्यातल्या अंत्ययात्रासुद्धा त्यांच्याकडे असत. उंची पाच फूट पाच इंच आणि वजन दोनशे दोन रत्तल, म्हणजे सुमारे ब्याण्णव किलो. बुटाची नाडी स्वतःला बांधता येत नसे, आणि गुडघ्यांवर भार नको म्हणून जिना उलटे पाठमोरे उतरावा लागे.

बँटिंग आळशी किंवा बेफिकीर नव्हते. त्यांनी वैद्यांचे उंबरठे झिजवले होते. एका मोठ्या शल्यवैद्याने त्यांना पहाटे व्यायाम करायला सांगितले. नदी जवळच होती, म्हणून ते रोज दोन तास होडी वल्हवू लागले. स्नायू बळकट झाले, पण भूकही अशी खवळली की वजन कमी होण्याऐवजी वाढले, आणि त्याच वैद्याने मग वल्ही टाकून द्यायला सांगितले! समुद्रस्नाने झाली, औषधी झऱ्यांची पाणी झाली, तुर्की हमामखाने झाले. पन्नास वेळा हमामात बसून सहा रत्तल उतरले. एका थोर वैद्याने तर वय वाढले की अंग भरणे हे स्वाभाविकच आहे, माझेही वर्षाला एक रत्तल वाढते आहे, असे सांगून त्यांची बोळवण केली.

अखेर वजनासाठी नव्हे, तर कानाला ऐकू कमी येते म्हणून बँटिंग एका कानाच्या डॉक्टरांकडे गेले. नेहमीचे डॉक्टर सुट्टीवर होते, म्हणून ते विल्यम हार्वे यांच्याकडे वळले. (रक्ताभिसरणाचा शोध लावणारा हार्वे तो निराळा, दोनशे वर्षांपूर्वीचा.) रोग कानाचा नसून मेदाचा आहे, असे या हार्वेंनी निदान केले. पॅरिसला क्लोद बर्नार या शास्त्रज्ञाची यकृत आणि साखर यांवरची व्याख्याने त्यांनी ऐकली होती. त्या आधारे त्यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बीअर आणि बटाटे एवढ्या गोष्टी शक्य तितक्या वर्ज्य करायला सांगितल्या. मांस, मासे, भाज्या आणि द्राक्षमद्याचे पेले चालतील! बँटिंग यांना हे पथ्य म्हणजे मेजवानीच वाटली.

ऑगस्ट १८६२ ते ऑगस्ट १८६३ या वर्षात बँटिंग यांनी दर तीन आठवड्यांनी वजन करून टिपून ठेवले. दोनशे दोनाचे दोनशे झाले, मग एकशे सत्त्याण्णव, मग एकशे त्र्याण्णव, असे उतरत वर्षाअखेरीस ते एकशे छप्पन्न झाले. सेहेचाळीस रत्तल गेले. आठवड्याचा हिशेब केला तर एक रत्तलाहूनही थोडे कमीच. जिना ते सरळ उतरू लागले. मग १८६३ साली त्यांनी स्वतःच्या खर्चाने एक पत्रवजा पुस्तिका छापून फुकट वाटली. तिची मागणी इतकी वाढली की बँटिंग हे क्रियापदच बनले. स्वीडिश भाषेत वजन कमी करण्यासाठी पथ्य पाळण्याला आजही 'बांता' म्हणतात.

त्या पुस्तिकेतली एक गोष्ट लोक विसरतात. लठ्ठ माणसाने माझे वाचून एकदम आहार बदलू नये, वैद्याशी नीट सल्लामसलत करून मगच बदलावा, असे बँटिंग यांनी स्वतःच बजावले आहे. इतक्या डॉक्टरांनी निराश केलेल्या माणसाने हे लिहिले, याला फार अर्थ आहे. डॉक्टर नकोत असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. पहिल्याच उत्तरावर समाधान मानू नये आणि जो उपाय करू त्याचे टिपण ठेवावे, एवढेच ते शिकले.

तोवर माणसे औंसात आणि रत्तलात बोलत होती. उष्मांकाची भाषा रूढ केली ती अमेरिकेतील विल्बर ॲटवॉटर या रसायनज्ञाने. कनेक्टिकट राज्यातील मिडलटाउन येथे १८९० नंतरच्या दशकात त्याने एका सहकाऱ्याच्या मदतीने माणसाला आत ठेवता येईल अशी एक छोटी बंद खोली बांधली. आतल्या माणसाने दिवसेंदिवस तेथेच खायचे, झोपायचे, काम करायचे, आणि त्याच्या अंगातून निघणारी उष्णता बाहेरच्या यंत्रांनी मोजायची. सांतोरिओला न सुटलेल्या कोड्याचा येथे पुष्कळसा उलगडा झाला. पिष्ट आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅममागे चार उष्मांक आणि स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅममागे नऊ, हे त्याने काढलेले ढोबळ मान आजही वापरले जाते.

हा आकडा घरोघर पोचवला तो लुलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंनी. १९१८ साली त्यांचे आहारावरचे पुस्तक निघाले आणि अमेरिकेत प्रचंड खपले. त्या स्वतः एके काळी दोनशेवीस रत्तल होत्या, त्यामुळे त्यांच्या लिहिण्याला अनुभवाचा जिव्हाळा होता. पावाची चकती म्हणू नका, पावाचे शंभर उष्मांक म्हणा, असे त्यांनी बायकांना शिकवले आणि वजन उतरवण्यासाठी दिवसाला बाराशे उष्मांक नेमून दिले. आदर्श वजनाचे सूत्रही दिले: पाच फुटांवर जितके इंच, त्यांना साडेपाचाने गुणा आणि एकशे दहा मिळवा. वय विचारू नका, हाडापेराची ठेवण विचारू नका.

आता मनातल्या आकड्याला शास्त्राचा शिक्का मिळाला. पुढे मेट्रोपॉलिटन या विमा कंपनीने १९४०च्या सुमारास 'आदर्श' वजनांचे तक्ते काढले, १९५९ साली ते नव्याने मांडले, आणि १९८३ साली पुन्हा सुधारताना त्यांतली वजने वर सरकवली. आदल्या दिवशी जाड ठरलेली कितीतरी माणसे एक ग्रॅमही न उतरवता एका रात्रीत बेताची ठरली!

बाराशे उष्मांकांचा आकडा सहज तोंडात बसतो. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात झालेला प्रयोग येथे सांगितला पाहिजे. युद्धात शस्त्र धरायला तत्त्वतः नकार देणारे छत्तीस तरुण त्यासाठी स्वेच्छेने पुढे आले. युद्धग्रस्त युरोपातील उपाशी लोकांना पुन्हा कसे जेवू घालावे हे शोधायचे होते. ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली या तरुणांना चोवीस आठवडे दिवसाला सुमारे पंधराशे सत्तर उष्मांक दिले गेले, आणि आठवड्याला बावीस मैल चालायला लावले. वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. पण त्यांना उन्हाळ्यात थंडी वाजू लागली, ते चिडखोर आणि उदास झाले, पाककृतींची पुस्तके जमवून वाचत बसू लागले. शरीराने आपला खर्चही आखडता घेतला. स्वस्थ पडून असतानाचा त्यांचा उष्मांकांचा व्यय जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटला.

मिळकत कमी झाली की शहाणी गृहिणी खर्चाला कात्री लावते, तसेच हे आहे. त्यामुळेच रोज पाचशे उष्मांक कमी केले की आठवड्याला एक रत्तल जाणार आणि जातच राहणार, हा जुना हिशेब पुढे चुकतो. केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नवे गणित मांडले. रोजच्या आहारात चोवीस उष्मांकांची कायमची घट केली तर शेवटी सुमारे एक किलो उतरते. त्यातले निम्मे पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळे तीन वर्षांत. दिवाळीनंतर सुरुवात करून संक्रांतीला बारीक होऊ पाहणाऱ्यांनी हा काळ लक्षात ठेवावा.

एक दाखला आपल्या पुण्याचा आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्येच दोन डॉक्टरांचे छायाचित्र छापून आले: एक पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन सांगणारा देहभारांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. साहेबाच्या तक्त्यात बेताचा दिसणारा आपला माणूस आतून बेताचा असेलच असे नाही. त्यामुळे भारतीय डॉक्टरांनी २००९ साली आपल्यासाठी ही मर्यादा खाली आणली आणि देहभारांक तेवीस झाला की वजन जास्त मानावे असे ठरवले. डॉक्टर वजन उतरवायला सांगतात आणि आरसा मात्र सारे ठीक आहे म्हणतो, तेव्हा हे छायाचित्र आठवावे.

या साऱ्यावरून डॉक्टरांचे ऐकावे की मनाचे, असा प्रश्न टाकणेच मला बरोबर वाटत नाही. डॉक्टरांचा आकडा अनेकांच्या सरासरीवरून बांधलेला अंदाज असतो. आपल्या मनातला आकडा बहुधा एखाद्या जुन्या फोटोवरून, नाहीतर कुणाच्या बोचऱ्या शब्दावरून आलेला असतो. दोघांनाही शरीरापुढे उभे राहून परीक्षा द्यावी लागते, आणि ती एका आठवड्यात होत नाही. मनातला आकडा डॉक्टरांना सांगावा, आणि त्यांनी आपला आकडा का नेमला हे विचारावे. यात कसलाही उद्धटपणा नाही. त्यांनी पंधराशे सांगितले असताना चोरून नऊशेवर राहणारी मुलगी आणि चोरून अडीच हजारांवर जाणारे तिचे वडील, दोघेही डॉक्टरांना आंधळे करून ठेवतात. चाचण्यांचे आकडे हाती आले तरी त्यांचा अर्थ त्यांना लावता येत नाही.

बँटिंग यांच्याप्रमाणे एक वही ठेवावी. तीत वजनाबरोबर झोप, थकवा आणि मनाची स्वस्थताही टिपावी. थकवा वाढला, चक्कर येऊ लागली, पाळी चुकू लागली, किंवा दिवसभर खाण्याखेरीज काही सुचेनासे झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि वाढत्या वयाच्या मुलांनी तर आकड्यात आपल्या मनाने मुळीच फेरफार करू नये.

आणि घरच्या मंडळींनी कॉर्नारोच्या आप्तांची आठवण ठेवावी. पानावरचा माणूस हात आडवा धरतो तेव्हा त्याच्या वहीत काय लिहिले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. आग्रह एकदा करावा, तो शोभतो. दुसऱ्यांदा लाडू हातातच ठेवून त्याच्या प्रकृतीची विचारपूस करावी.